ठाणे-नवी मुंबईच्या दमट हवेत अंगाचा साबण घरी कसा करावा

घरी केलेला अंगाचा साबण उत्तम होतो. त्यासाठी एक ग्रॅमपर्यंत नीट वजन दाखवणारा काटा, थोडी शिस्त आणि साधारण सात आठवड्यांचा धीर लागतो. सामान शोधायला निघण्याआधी एक गोष्ट पक्की समजून घ्या: कॉस्टिक सोड्याशिवाय साबण होत नाही. ‘केमिकल-फ्री साबण’ असं कोणी म्हणत असेल तर ती निव्वळ जाहिरात आहे. तेल आणि कॉस्टिक सोडा, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड, यांची अभिक्रिया झाली की त्यातून साबण आणि ग्लिसरीन तयार होतं. हिशेब बरोबर असेल तर तयार वडीत कॉस्टिक उरत नाही. वितळवून साच्यात ओतायचे जे तयार ठोकळे मिळतात, त्यातलं कॉस्टिकचं काम कारखान्यात आधीच उरकलेलं असतं, एवढाच फरक.

कधी करायला घ्यावा

आपल्याकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सगळ्यात सोपा काळ. हवा कोरडी असते, साबण वेळेत वाळतो. दिवाळीच्या अभ्यंगस्नानाला घरचा साबण हवा असेल तर गौरी-गणपतींचं विसर्जन झालं की लगेच करायला घ्या. तिथून नरक चतुर्दशीपर्यंत सुमारे सात आठवडे मिळतात, आणि ऑक्टोबरची गरम हवा वाळवणाला मदत करते. जून ते ऑगस्टमध्ये पहिला प्रयोग करू नये. कॉस्टिक ओल धरतं, साबणाला घाम सुटतो, आणि नवशिक्याला वाटतं की आपलंच काहीतरी चुकलं.

तेलं आणि त्यांचा हिशेब

सुरुवातीला ५०० ग्रॅम तेलाचाच घाणा करा. त्यात १०० ग्रॅमच्या आसपासच्या सात वड्या होतात.

खोबरेल तेल १५० ग्रॅम
ऑलिव्ह तेल (पोमेस, म्हणजे चोथ्यातून काढलेलं, चालेल) २२५ ग्रॅम
कोकमाचं तेल, म्हणजे कोकम बटर ७५ ग्रॅम
एरंडेल ५० ग्रॅम
कॉस्टिक सोडा ७० ग्रॅम
डिस्टिल्ड वॉटर १४० ग्रॅम

खोबरेल फेस आणि कडकपणा देतं, पण ते ३०–३५ टक्क्यांच्या वर गेलं की अंग ओढल्यासारखं होतं. ऑलिव्ह सौम्य आहे. कोकणात भेगाळलेल्या टाचांना लावतात तेच कोकमाचं घट्ट तेल वडीला टणकपणा देतं, आणि आपल्या दमट न्हाणीघरात त्याचा फार उपयोग होतो. एरंडेलामुळे फेस टिकतो, मात्र १० टक्क्यांहून जास्त झालं तर वडी चिकट लागते.

आता कॉस्टिक ७० ग्रॅमच का, ते पाहा. प्रत्येक तेलाला साबण व्हायला कॉस्टिक वेगवेगळं लागतं. १०० ग्रॅम खोबरेलाला १८.३ ग्रॅम, ऑलिव्ह आणि कोकमाला प्रत्येकी १३.५, एरंडेलाला १२.८. वरच्या वजनांना हे लावलं तर २७.५ + ३०.४ + १०.१ + ६.४, म्हणजे ७४.४ ग्रॅम होतात. त्यातून पाच-सहा टक्के मुद्दाम कमी घ्यायचं, म्हणजे ७० ग्रॅम. तेवढं तेल साबण न होता वडीत राहतं. ते त्वचेला बरं असतं, शिवाय वजनात एखाद्या ग्रॅमची चूक झाली तर तीही पोटात घालतं. तेल बदलायचं असेल तर ही बेरीज पुन्हा करायची. ऑलिव्हऐवजी शेंगदाण्याचं तेल घेतलं तर कॉस्टिक ७० ग्रॅमच चालतं, पण हा साबण लवकर खवट होतो. सहा महिन्यांत वापरून टाका, आणि घरात कुणाला शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर हा बदल करूच नका. खोबरेलाचं प्रमाण बदललं मात्र, तर हिशेब पूर्ण बदलतो.

तेल मिलिलिटरने मोजणं ही सगळ्यात नेहमीची आणि सगळ्यात महागात पडणारी चूक. तेल पाण्यापेक्षा हलकं असतं. ५०० मिलि तेलाचं वजन भरतं ४६० ग्रॅमच्या आसपास. तेवढ्या तेलाला ६८ ग्रॅमच कॉस्टिक पुरतं, आणि आपण घातलेलं असतं ७०. उरलेलं कॉस्टिक वडीत राहतं आणि अंग चुरचुरतं. पाणीसुद्धा काट्यावरच घ्या.

सुवासिक केशतेल घेऊ नका. अशा बऱ्याच तेलांत खनिज तेल असतं. त्याचा साबण होतच नाही, ते वडीत तसंच तेलकट राहतं. खाण्याचं साधं खोबरेल घ्या, घाण्याचं असलं तरी चालेल. जानेवारीत पहाटे खोबरेल गोठतं; अर्धवट गोठलेल्या बाटलीतून वरचं वर ओतू नका. सगळं वितळवून, हलवून मग वजन करा. कोरड्या सामानासाठी ठाण्यात जांभळी नाक्याचा बाजार आणि वाशीत एपीएमसीचा मसाला बाजार सोयीचा आहे. कॉस्टिक आणि डिस्टिल्ड वॉटर प्रयोगशाळेची रसायनं ठेवणाऱ्या दुकानात मिळतं.

कॉस्टिक: इथे घाई नको

बाटलीवर सोडियम हायड्रॉक्साइड, शुद्धता ९८ टक्के किंवा जास्त, असं लिहिलेलं हवं. नळाची मोरी साफ करायची पावडर चालत नाही. तीत दुसरी रसायनं, कधी ॲल्युमिनियमचे कणही असतात. दाणे सुटे, कोरडे हवेत. हवेतली ओल शोषून गठ्ठे झालेलं कॉस्टिक वजनात ७० ग्रॅम भरलं तरी त्यातलं काही वजन पाण्याचं असतं, आणि साबण मऊ, तेलकट होतो. म्हणून ५०० ग्रॅमचीच बाटली घ्या, फोडल्यावर घट्ट झाकणाच्या जाड प्लास्टिकच्या बरणीत ठेवा, वर मोठ्या अक्षरांत नाव लिहा आणि मुलांचा हात पोहोचणार नाही अशा जागी कुलपात ठेवा.

भांडी स्टीलची किंवा तळाशी ५ हा आकडा असलेल्या प्लास्टिकची. जर्मनची किंवा हिंडालियमची पातेली अजिबात नकोत: कॉस्टिक ॲल्युमिनियमला खातं आणि पेट घेणारा हायड्रोजन वायू सुटतो. जस्ताची बादली आणि कल्हईचं भांडंही नको. काच सुरुवातीला ठीक दिसते, पण कॉस्टिक तिला हळूहळू झिजवतं आणि एखाद्या दिवशी गरम द्रावणासकट ती फुटते. ही भांडी, चमचे, हँड ब्लेंडर सगळं वेगळं ठेवा. पुन्हा स्वयंपाकाला वापरू नका.

लांब बाह्यांचा सुती कपडा, रबरी हातमोजे, डोळ्यांवर बाजूनेही झाकणारा चष्मा, पायात चप्पल. ओट्यावर वर्तमानपत्र पसरा, खिडकी उघडा, मुलं आणि मांजरं खोलीबाहेर. फोन बाजूला ठेवा. अंगावर थेंब उडालाच तर नळाच्या वाहत्या पाण्याखाली १५–२० मिनिटं धरा. व्हिनेगर किंवा लिंबू त्वचेवर चोळू नका, त्याने उष्णता निर्माण होते आणि इजा वाढते. डोळ्यात गेलं तर डोळा उघडा ठेवून तेवढाच वेळ पाण्याने धुवा आणि लगेच रुग्णालयात जा. कुणी चुकून गिळलं तर उलटी करायला लावू नका, तोंड धुऊन तडक रुग्णालय गाठा.

कृती

जगमध्ये १४० ग्रॅम थंड डिस्टिल्ड वॉटर घ्या. कोरड्या वाटीत ७० ग्रॅम कॉस्टिक मोजा. कॉस्टिक पाण्यात टाकायचं. कॉस्टिकवर पाणी ओतायचं नाही. उलट केलं तर एका जागी एवढी उष्णता होते की द्रावण उसळून बाहेर येतं. तीन-चार वेळा थोडं थोडं टाका, स्टीलच्या लांब चमच्याने ढवळत राहा, तोंड बाजूला ठेवा. पहिली दोन मिनिटं वाफ येते, तिचा वास घ्यायचा नाही. द्रावण ८० अंश सेल्सिअसच्या वर तापतं, आधी गढूळ दिसतं, मग काचेसारखं स्वच्छ होतं. घमेल्यात गार पाणी घेऊन त्यात जग उभा करा आणि ४० ते ४५ अंशांवर येऊ द्या. मे महिन्यात यालाच तासभर लागतो, तेव्हा डिस्टिल्ड वॉटर आधी फ्रिजमध्ये ठेवून घ्यावं.

तोवर कोकमाचं तेल मंद आचेवर वितळवा, बाकीची तेलं त्यात मिसळा आणि तेही ४०–४५ अंशांवर आणा. तेल याहून गार असेल तर कोकमाचं तेल मिश्रणात परत थिजायला लागतं. मिश्रण घट्ट झाल्यासारखं दिसतं, प्रत्यक्षात साबण झालेलाच नसतो आणि साच्यात ओतल्यावर थर वेगळे होतात.

आता स्टीलच्या गाळणीतून द्रावण तेलात ओता. न विरघळलेला दाणा असेल तर तो गाळणीत अडकेल. ब्लेंडर तळाला टेकवून पाच-दहा सेकंद चालवा, मग बंद ठेवून त्यानेच हाताने ढवळा, पुन्हा चालवा. सतत चालवत राहिलं तर हवेचे बुडबुडे भरतात. तीन ते सहा मिनिटांत मिश्रण आधी पातळ कढीसारखं आणि मग धिरड्याच्या पिठासारखं होतं. चमच्यातून सोडलेली धार पृष्ठभागावर क्षणभर उमटून राहिली की तेलाचा स्वच्छ थेंब कुठे दिसतो का ते पाहा. नसेल तर झालं. यालाच साबण करणारे ‘ट्रेस’ म्हणतात. पिठल्याइतकं घट्ट होईपर्यंत थांबू नका, साच्यात पोकळ्या राहतात. ब्लेंडर नसेल तर हाताने ढवळूनही होतं, पण ऑलिव्ह जास्त असलेल्या मिश्रणाला पाऊण तास किंवा त्याहून जास्त लागतो.

वास हवा असेल तर आत्ता, ८–१० ग्रॅम सुगंधी तेल. लॅव्हेंडर निमूट वागतं. गवती चहाचा वास टिकतो, पण कोवळ्या त्वचेला झोंबू शकतो. लवंगतेलाने मिश्रण काही सेकंदांत भांड्यातच दगड होतं, आणि अत्तर किंवा परफ्यूम घातलं तरी तेच होण्याची भीती. लहान मुलांसाठी करत असाल तर वासच नको.

हळद घालायची इच्छा होतेच. अर्धा चमचा पुरे. घातल्या घातल्या रंग लाल होतो, घाबरू नका: हळद आणि चुन्याचं कुंकू होतं त्यातलीच ही गंमत, अल्कलीत हळद लाल होते. वाळल्यावर ती गेरूकडे झुकते. गुलाबाच्या पाकळ्या काळ्या पडतात. ताजा कोरफडीचा गर, दूध, मध हे सगळं चौथ्या-पाचव्या खेपेला. साखर असलेल्या वस्तूंनी मिश्रण फार तापतं.

साचा सिलिकॉनचा, नाहीतर लाकडी किंवा प्लास्टिकचा डबा आत बटर पेपर लावून. दुधा-ज्यूसचे पॅक कापून वापरायची पद्धत आहे, पण टिकाऊ पॅकच्या थरांत ॲल्युमिनियम असतं आणि कापलेल्या कडेला ते उघडं पडतं. ते टाळावं. ओतून झाल्यावर साचा दोन-तीनदा ओट्यावर आपटा. थंडीत त्यावर टॉवेल गुंडाळा, एप्रिल-मे महिन्यात अजिबात गुंडाळू नका, वरचा भाग तडकतो.

भांडी लगेच धुवायला घेऊ नका. उरलेलं मिश्रण वर्तमानपत्राने पुसून काढा आणि भांडी एक दिवस तशीच ठेवा. दुसऱ्या दिवशी त्यावर साबणच झालेला असतो, मोरीत कच्चं तेल आणि कॉस्टिक जात नाही.

२४ ते ४८ तासांनी साच्यातून काढा. बोटाने दाबल्यावर चीजच्या तुकड्यासारखा टणक लागायला हवा. हातमोजे घालूनच काढा आणि अडीच सेंटिमीटर जाडीच्या वड्या कापा.

वाळवणं

अभिक्रियेचं बहुतेक काम एक-दोन दिवसांत संपतं. पुढचे आठवडे पाणी उडायला लागतात, आणि तेवढ्यात साबण टणक आणि सौम्य होत जातो. पुस्तकी मुदत चार ते सहा आठवड्यांची. खाडीकाठच्या आपल्या हवेला सहा ते आठ धरा.

वड्या बांबूच्या सुपात किंवा टोपलीत बटर पेपरवर, दोन बोटं अंतर सोडून, उभ्या ठेवा. लोखंडी जाळी नको, गंजाचा कण लागला तरी तिथे तेल खवट होऊन केशरी ठिपका उठतो. न्हाणीघराला लागून असलेली भिंत, बंद कपाट आणि पावसाळ्यात गॅलरी या तिन्ही जागा वाईट. हवेशीर खोलीत, उन्हाबाहेर, दिवसातून काही तास पंख्याखाली. आठवड्याला एकदा उलटा.

तयार झाला की नाही हे अंदाजाने ठरवू नका. एक वडी खूण करून ठेवा आणि दर रविवारी तिचं वजन करा. १०० ग्रॅमची वडी हळूहळू ८८–९० पर्यंत उतरते. सलग दोन आठवडे वजन एका ग्रॅमहूनही कमी हललं की वापरायला घ्या. पावसाळ्यात वजन चक्क वाढलेलं दिसेल, कारण साबणातलं ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढतं. वडीवर दवासारखे थेंब दिसतात ते त्यामुळेच. साबण बिघडलेला नसतो. पुसत बसू नका, प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका, पंखा लावा.

बिघडलं तर

वर पांढरी पूड दिसली तर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी कॉस्टिकचा संयोग झालेला आहे. खरवडून टाका, बाकी काही नाही. साच्यात वर तेल तरंगत असेल तर ढवळणं कमी पडलं. तासाभरात लक्षात आलं तर परत भांड्यात घेऊन ब्लेंडर फिरवा. दुसऱ्या दिवशी कळलं तर किसून, वजनाच्या दहावा हिस्सा पाणी घालून, उकळत्या पाण्यावर ठेवलेल्या पातेल्यात तास-दीड तास शिजवा. वडी ओबडधोबड होईल, पण अंगाला चालेल.

वडी ठिसूळ, खडूसारखी तुटत असेल तर कॉस्टिक जास्त असल्याचा संशय घ्या. ओलं बोट वडीवर घासून ते जिभेच्या टोकाला हलकेच लावा. साबणाची चव आली तर ठीक. बॅटरीच्या टोकाला जीभ लागल्यासारखा झटका बसला तर कॉस्टिक मोकळं आहे. दोन आठवडे थांबून पुन्हा बघा. तरीही झटका बसला तर तो घाणा अंगाला लावू नका. आम्ल-अल्कली मोजणाऱ्या पीएच पट्टीवर विसंबू नका, साबणावर ती नीट आकडा दाखवत नाही. केशरी ठिपके आणि खवट वास आला तर तेल जुनं होतं, नाहीतर पाण्यात धातूचे क्षार होते. ती वडी कपड्यांना.

त्वचेबद्दल, स्पष्टपणे

माणसाच्या त्वचेचा पीएच पाचच्या आसपास असतो, खऱ्या साबणाचा नऊ ते दहा. घरचा असो की कारखान्याचा, यात फरक नाही. ‘पीएच ५.५ चा हँडमेड साबण’ ही गोष्ट संभवत नाही, तेवढ्या पीएचला साबण फाटून परत तेलकट आम्ल होतो. घरच्या साबणाचं खरं बळ त्यात राहिलेल्या ग्लिसरीनमध्ये आणि त्या पाच-सहा टक्के मोकळ्या तेलात आहे. दुकानातली वडी घेताना वेष्टण वाचा: भारतीय मानकानुसार पहिल्या प्रतीच्या टॉयलेट सोपमध्ये एकूण मेदाम्लं, म्हणजे टीएफएम, किमान ७६ टक्के लागतात, तर ‘बेदिंग बार’ला ४० टक्केही पुरतात.

नवा साबण आधी कोपराच्या आतल्या बाजूला दोन-तीन दिवस लावून बघा. रोज सगळ्या अंगाला साबण लागत नाही. काखा, जांघा, पावलं पुरे. आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच थोडं खोबरेल लावलं तर कोरडेपणा बराचसा तिथेच आटोक्यात येतो. इसब असलेल्यांनी कुठलाही साबण डॉक्टरांना विचारूनच. पावसाळ्यात नायटा, गजकर्ण फार फोफावतं. कडुनिंबाच्या साबणाने ते बरं होत नाही, औषध घ्या, आणि घरात वडी व टॉवेल वेगळा ठेवा.

साबण नातेवाइकांना द्यायला हरकत नाही, पण विकायचा असेल तर कॉस्मेटिक्स रूल्स २०२० प्रमाणे राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा उत्पादन परवाना लागतो.

पाणी आणि कपडे

चांगल्या साबणालाही जड, म्हणजे जास्त क्षारांचं, पाणी हरवतं. मोरबे धरणातून नवी मुंबईला येणाऱ्या पाण्यासारखं पावसाचं साठलेलं पाणी मृदू असतं. घोडबंदर रस्त्यावरच्या सोसायट्यांत उन्हाळ्यात टँकर किंवा बोअरवेलचं पाणी आलं की केस चिकट आणि फरश्यांवर राखाडी थर. घरच्या साबणाचा नखाएवढा कीस अर्ध्या बाटली पाण्यात टाकून जोरात हलवा. फेसाखाली पाणी बऱ्यापैकी स्वच्छ राहिलं तर मृदू. ताक फुटल्यासारखे कण दिसले तर जड. अशा घरासाठी वरच्या प्रमाणात ५ ग्रॅम सायट्रिक ॲसिड आधी पाण्यात विरघळवून घ्या आणि कॉस्टिक ७० ऐवजी ७३ ग्रॅम करा. वाढीव तीन ग्रॅम कॉस्टिक ते ॲसिडच खाऊन टाकतं आणि त्याचा सोडियम सायट्रेट होऊन थर बसणं कमी होतं.

कपड्यांच्या आणि भांड्यांच्या वडीला फक्त खोबरेल: ५०० ग्रॅम तेल, ९० ग्रॅम कॉस्टिक, १८० ग्रॅम पाणी. मोकळं तेल जवळपास राहत नाही म्हणून कपडे तेलकट होत नाहीत. ही वडी फार लवकर टणक होते, चार ते आठ तासांत कापा, रात्रभर ठेवली तर सुरीखाली तुकडे उडतात. अंगाला ती कोरडी पडेल.

साबण निसर्गात विघटित होतो, तरी तो थेट तलावात किंवा ओढ्यात गेला तर माशांना मारतो. येऊरच्या ओढ्यावर, मासुंदा तलावाच्या पायऱ्यांवर साबण नेऊ नये. ठाणे खाडी २०२२ पासून रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आहे, आणि शहरातलं सांडपाणी शेवटी त्याच बाजूला वाहतं.

रेशीम आणि लोकर मात्र कुठल्याही साबणात घालू नका, अल्कलीने धागा कमजोर होतो. पैठणीसारख्या रेशमी कापडाला रिठा. दहा-बारा रिठे फोडून बिया काढा, टरफलं लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी पंधरा मिनिटं उकळून गाळा. जर असलेल्या कापडाचा आधी आतला कोपरा भिजवून रंग सुटतो का ते पाहा. हे पाणी डोळ्यांना फार झोंबतं, आणि फ्रिजमध्ये दोन-तीन दिवसांपलीकडे टिकत नाही, आंबतं. लागेल तेवढंच करा.